पंच्याहत्तर टक्के

माझ्या मुलीला आकडे वाचता येतात. अक्षरं येत नाहीत, पण शून्य ते नऊ हे दहा आकडे तिला पक्के येतात. ते शिकायला तिला चार वर्षं लागली. आता ती एकोणीस वर्षांची आहे. फ्लॅटच्या दारांवरचे नंबर, रिक्षांच्या पाट्या, गॅस सिलिंडरवरचे आकडे, जे दिसेल ते ती एकेक करून मोठ्याने वाचते. सव्वीस हे तिच्यासाठी सव्वीस नसतं, दोन आणि सहा असतं. त्यामुळे जगातली तिची सगळ्यांत आवडती गोष्ट म्हणजे फोनवर येणारा ओटीपी. सहा सुटे आकडे, आणि ते ऐकायला समोर कुणीतरी थांबलेलं. आमच्या घरात ओटीपी वाचायचा मान तिचा. मी आधी फोन उचलला तर ती दिवसभर रुसून बसते.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं काम करतेय. कापडाचे तुकडे नव्या बॅचच्या रंगात बुडवायचे, सुकवायचे आणि पेटीतल्या दिव्याखाली मूळ नमुन्याशेजारी ठेवून बघायचे. जुळलं तर माल पुढे जातो, नाही जुळलं तर परत. हे करून करून माझी नजर बिघडलीय असं लोक म्हणतात. लग्नाला गेले तरी नवरदेवाचा फेटा आणि उपरणं यांचा लाल एक नाही, हे मला आधी दिसतं. माझा स्वभाव तिरसट आहे असंही म्हणतात. ते खरं आहे.

आमच्या कंपनीत दर जूनमध्ये टॅक्सवाले सर यायचे. ते कुठे शिकवत नव्हते, पण सगळे त्यांना सरच म्हणायचे. कल्याणला एका इमारतीत जिन्याखाली त्यांचं ऑफिस होतं. दोन शनिवार ते आमच्या कॅन्टीनमध्ये कोपऱ्यातलं टेबल धरून बसत आणि लोक ओळीने त्यांच्यापुढे जात. फॉर्म सोळाचा फोटो द्यायचा, पॅन द्यायचं, आधार द्यायचं, चहा सांगायचा, झालं. सगळ्यांचा पासवर्ड त्यांनी एकच ठेवला होता, कंपनीचं नाव आणि पुढे एक दोन तीन, म्हणजे लक्षात राहील. सगळ्यांच्या नावापुढे ईमेलही त्यांचाच होता, कारण तुम्ही कुठे मेल बघत बसणार. मग जुलैत एक दिवस फोन यायचा, ‘ओटीपी आला असेल, सांगा.’ सांगितला की रिटर्न भरलं. काय भरलं हे विचारायची पद्धत नव्हती. विचारणं म्हणजे इतक्या वर्षांच्या माणसावर संशय घेणं, आणि तेवढा वाईटपणा घ्यायला कुणी तयार नव्हतं.

सरकारची वेबसाइट होती. ती फुकट होती, घरबसल्या होती, आणि तसं पत्रक आमच्या नोटीस बोर्डावर वर्षानुवर्षं लावलेलं होतं. पण आमच्याकडे एक ठाम समजूत होती की स्वतः भरलं तर काही परत मिळत नाही, सरांनी भरलं तर रिफंड येतो. आणि तो यायचाही. त्यातला काही हिस्सा सरांचा. हे पैसे कुठून येतात, एकाच पगाराच्या दोन माणसांपैकी फक्त सरांकडे जाणाऱ्याचाच टॅक्स कसा कमी होतो, हा प्रश्न दिवसभर हजार किलोच्या बॅचचे हिशेब तोंडी करणाऱ्या माणसांना पडला नाही. मलाही पडला नाही, म्हणजे मी तो पडू दिला नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये मी सरांकडे मुलीचा दाखला घेऊन गेले. लॅबमध्ये कुणीतरी पेपरात वाचलं होतं की घरात दिव्यांग माणूस असेल तर टॅक्समध्ये वजावट मिळते. दाखला ती तेरा वर्षांची असताना काढलेला होता. बौद्धिक दिव्यांग, पंच्याहत्तर टक्के, वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत वैध. तिचे वडील ती सहा वर्षांची असताना वेगळे झाले, नाशिकला असतात. त्यामुळे तो दाखला मिळवायला मी एकटीच ठाण्याला खेपा घालत होते. कागद सिद्ध करण्याची मला सवय आहे. कॉलेजात असताना जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातली ओळ शोधत मी आणि माझे वडील गावोगाव फिरलो होतो. वडील मोहन्याला कारखान्यात हजेरी क्लार्क होते. नोंद चोख असली पाहिजे, एवढी एकच चैन त्यांना परवडायची. मी कोण आहे, माझी मुलगी कशी आहे, हे साहेबापुढे बसून सिद्ध करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय.

सरांनी दाखला उलटसुलट करून पाहिला. ‘हे कलम माझ्या कधी कामातच नाही आलं,’ ते म्हणाले. त्यांनी फोनवर शोधलं, डायरीत लिहून घेतलं. मग विचारलं, ‘किती टक्के म्हणालात?’

‘पंच्याहत्तर. लिहिलंय ना त्यावर.’

‘ऐंशीच्या वर असते तर वजावट बरीच जास्त मिळाली असती मॅडम. पाच टक्क्यांनी गेलं बघा.’

‘नाहीत ना पण.’

‘बघतो मी.’

हे ‘बघतो’ मी ऐकलं. त्याचा अर्थ मला कळला नाही असं मी म्हणणार नाही. जुलैत त्यांचा फोन आला तेव्हा मी कांदा चिरत होते. मुलीने स्पीकरवर ओटीपी वाचून दाखवला, एकेक आकडा, मध्ये श्वास घेऊन. ‘शाब्बास बेटा,’ सर म्हणाले. ती इतकी खूश झाली की तिने तो पुन्हा वाचला. त्या वर्षी रिफंड अपेक्षेपेक्षा मोठा आला. तिच्या किडलेल्या दाढा भूल देऊन काढाव्या लागणार होत्या, ते काम मी त्यातून केलं. त्यानंतरच्या दोन्ही वर्षी तसंच झालं. माझ्या मुलीला पाच टक्के वाढवून दिले, आणि ते तिच्याच तोंडून पक्के करून घेतले. मी गप्प बसले.

यंदा एका दुपारी कॅन्टीनमध्ये सगळ्यांचे फोन एकापाठोपाठ वाजले. सगळ्यांना एकच मेसेज. तुमच्या रिटर्नमधली वजावट संशयास्पद वाटते आहे, दुरुस्ती करा नाहीतर पुरावा द्या. पहिल्यांदा लोकांना तो फसवणुकीचा मेसेज वाटला. मग एचआरच्या माणसाने ऑफिसातला कॉम्प्युटर चालू केला, एकेकाच्या आधारवर ओटीपी मागवून पासवर्ड बदलला आणि एकेकाचं रिटर्न उघडायला सुरुवात केली. सरांना फोन लावला तर बंद. जिन्याखालच्या ऑफिसात माणूस पाठवला तर तिथे मोबाइलची कव्हरं विकणारा बसलेला.

रिटर्न उघडत गेली आणि मी मागे उभी राहून बघत होते. रिअ‍ॅक्टरवरच्या ऑपरेटरची बायको, गंभीर दिव्यांग. स्टोअरकीपरची आई, गंभीर दिव्यांग. सुपरवायझरची दोन्ही मुलं, गंभीर दिव्यांग. त्यातला थोरला पुण्याला इंजिनिअरिंग करतोय. तेवीस माणसांची रिटर्न उघडली आणि तेवीस घरांत अंथरुणाला खिळलेलं कुणीतरी निघालं. कलम तेच, जे सरांनी माझ्यासमोर डायरीत लिहून घेतलं होतं.

कुणीतरी म्हणालं, ‘हे सरांना सुचलं कुठून पण?’

माझ्याकडे कुणी बघितलं नाही. त्यामुळेच मला कळलं की सगळ्यांना माहीत आहे. थोड्या वेळाने स्टोअरकीपर म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही तो कागद दाखवला नसता तर हे लफडंच झालं नसतं.’ त्याच्या आवाजात राग नव्हता, हळहळ होती. मला त्या क्षणी त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. मी लॅबमध्ये गेले आणि सकाळीच पास केलेली बॅच पुन्हा तपासत बसले.

डिस्पॅचला काम करणारी एक बाई आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. बावीस वर्षांतली सोळा वर्षं आम्ही एकाच शेअर रिक्षाने कामाला जातोय. तिला वाईट म्हणता येणार नाही. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात तिने आठ दिवस डबा दिला होता. पण तिचा मुलगा लहान असताना माझी मुलगी लिफ्टमध्ये असली की ती त्याला म्हणायची, ‘चल, आपण जिन्याने जाऊ, पाय मोकळे होतील.’ दोन वर्षं मला ते खरंच पाय मोकळे करणं वाटत होतं. आता तो मुलगा पंधरा वर्षांचा आहे, कबड्डी खेळतो, इमारतीचे पाच मजले दोन-दोन पायऱ्या टाकत चढतो. सरकारदरबारी गेली दोन वर्षं तो गंभीर दिव्यांग होता.

त्या संध्याकाळी ती माझ्या घरी आली. मुलगी टीव्हीसमोर रिमोटवरचे आकडे वाचत होती. एरवी घरी आली की ती बाई मुलीच्या डोक्यावरून हात फिरवते, त्या दिवशी फिरवला नाही.

‘अगं, एक विचारायचं होतं,’ ती म्हणाली. ‘तुझ्याकडे तो दाखला आहे ना?’

‘आहे.’

‘फोटो काढून देतेस? माझ्या दिराचं प्रिंटिंगचं दुकान आहे ना शहाडला. तो म्हणतो नाव आणि फोटो बदलायला पाच मिनिटं लागतात.’

मला पहिल्यांदा कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग कळलं.

‘तुझ्या मुलाचा फोटो लावणार तिच्या दाखल्यावर?’

‘कागदावरच गं. कागदावर लावून काय होतंय? सगळे घाबरलेत. यांना सांगितलं नाहीये मी अजून घरी, रिफंडचं. ते मला उभी चिरतील.’

‘लिफ्टमध्ये चालत नव्हतं तुला,’ मी म्हणाले. ‘शेजारी उभं राहिलेलं चालत नव्हतं. आता त्याच्या नावावर चालतंय होय?’

ती रडायला लागली. मी तिला पाणी दिलं नाही. माझी मुलगी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि स्टीलचा पेला भरून घेऊन आली. अर्धं पाणी वाटेतच सांडलं होतं. त्या बाईने पेला घेतला, प्यायली, आणि खाली मान घालून निघून गेली. मी फरशी पुसली. वाईट वाटलं, पण दाखल्याचा फोटो दिला नाही याचं नाही.

चार दिवसांनी एचआरने ठाण्याची एक कंपनी बोलावली. टॅक्स भरून देणारी, टाय लावलेली, लॅपटॉपवाली. जिन्याखालच्या सरांच्या जागी काचेच्या ऑफिसातले सर. माणशी ठरावीक फी. त्यांचं म्हणणं सोपं होतं. सगळ्यांनी ती वजावट मागे घ्यायची, सुधारित रिटर्न भरायचं, टॅक्स आणि वरचे जादा पैसे भरायचे, विषय संपला. पुरावे, खुलासे, काही नाही. लोक पुन्हा ओळीत उभे राहिले, पुन्हा ओटीपी सांगायला लागले. मागच्या वेळी ओटीपी देऊन कशाला होकार दिला होता हे कळून आठवडाही झाला नव्हता.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, ‘माझ्यातला फक्त वाढवलेला भाग काढा. पंच्याहत्तर टक्क्यांची वजावट खरी आहे, ती राहू दे.’

टायवाल्याने एचआरकडे पाहिलं. एचआरचा माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘मॅडम, सगळ्यांचं एकत्र जातंय. एकाच कंपनीतून, एकाच माणसाने भरलेली रिटर्न आहेत. तेवीस जण चूक कबूल करणार आणि तुम्ही एकट्या म्हणणार की माझं खरं आहे. कोण विश्वास ठेवणार? वर सगळ्यांची चौकशी लागायची. थोडक्यात सुटतंय तर सोडून द्या ना.’

‘काय सोडून देऊ? ती दिव्यांग नाही असं लिहून देऊ?’

‘फॉर्ममध्ये तसं कुठे लिहायचंय? फक्त तो रकाना रिकामा ठेवायचा.’

तो तसा सभ्य माणूस आहे. त्याला खरंच कळत नव्हतं की मी कशासाठी भांडतेय. पैशाचा प्रश्न राहिलेला नव्हता. एका बाजूला तेवीस खोटी माणसं आणि दुसऱ्या बाजूला एक खरी मुलगी, आणि सगळ्यांना एकाच फडक्याने पुसायचं ठरलं होतं. मी म्हणाले, माझं मी बघते.

रविवारी सकाळी मी सरकारच्या वेबसाइटसमोर बसले. मुलीला शेजारी खुर्ची दिली. पासवर्ड विसरलात का, तर हो, कारण तो माझा कधी नव्हताच. आधारवर ओटीपी आला. ‘चार, शून्य, सात, सात, एक, नऊ,’ तिने वाचलं, आणि तेवढ्यावर माझं खातं माझं झालं. आत सरांचा ईमेल होता, सरांच्या ऑफिसचा पत्ता होता. माझ्या नावाची दोन जुनी पत्रं होती, न उघडलेली. सहा महिन्यांपूर्वी मला पहिल्यांदा विचारलं गेलं होतं आणि ते पत्र कव्हरवाल्याच्या दुकानात येऊन पडलं होतं. मी सगळं बदललं. ईमेल बदलला, पत्ता बदलला, आणि तीन वर्षांच्या ‘गंभीर’वरून खाली आले. जास्तीचा टॅक्स, त्यावरचं व्याज, वरचे जादा पैसे, सगळं भरलं. वेबसाइट मध्येच मला बाहेर काढायची आणि पुन्हा आत यायला नवा ओटीपी मागायची. मी वैतागत होते. मुलीचा तो वर्षातला सर्वांत चांगला दिवस होता, तिला अकरा ओटीपी वाचायला मिळाले.

राहिलं एकच. वजावट खरी आहे असं उत्तर द्यायचं तर त्याला सध्या वैध असलेला दाखला जोडायचा होता, आणि मुलीचा दाखला ती अठरा वर्षांची झाली त्या दिवशी संपला होता. नवा काढायचा म्हणजे पुन्हा ठाणे, पुन्हा तपासणी, पुन्हा टक्के ठरणार.

तारीख मिळाली आणि तेव्हापासून मला नीट जेवण जाईना. मी लॅबमधली बाई आहे, मला नमुना जुळलेला लागतो. जुन्या दाखल्यावर पंच्याहत्तर होते. सरांनी ऐंशीच्या वर लिहिले होते. आता नव्या दाखल्यावर पन्नास आले तर? वजावट तेवढीच मिळाली असती, हे मला माहीत होतं. पण एका मुलीचे तीन कागदांवर तीन वेगळे आकडे, आणि आजूबाजूला तेवीस खोटारडे. तिकडे बसलेला साहेब काय समजेल? तो म्हणेल, हीपण त्यातलीच. मला ते सहन होणार नव्हतं. मी सगळ्यांना तोंडावर सुनावलं होतं, एकटीने वेगळी वाट धरली होती. माझं खरं आहे, हे कुणीतरी शिक्का मारून सांगायला हवं होतं, आणि त्यासाठी तो आकडा पंच्याहत्तरच यायला हवा होता.

ती तेरा वर्षांची होती तेव्हा तिला आकडे येत नव्हते. ते नंतर आले.

ठाण्याला आम्ही रिक्षाने निघालो. गर्दीत ती बावरते म्हणून रेल्वे मी टाळते. शीळफाट्याला नेहमीसारखं सगळं अडकलेलं होतं, पुढे कंटेनर, मागे कंटेनर. ती समोरच्या टेम्पोची पाटी वाचत होती. शून्य, पाच, तीन. मी तिचा हात हातात घेतला.

‘आज तिथे गेल्यावर आकडे वाचायचे नाहीत,’ मी म्हणाले.

‘का?’

‘मॅडमना आवडत नाही.’

‘वाचायचे नाहीत?’

‘नाही. मॅडमनी कार्ड दाखवलं तरी गप्प बसायचं. गप्प बसलीस तर येताना आईस्क्रीम.’

तिने मान डोलावली. पुढची पाटी तिने ओठ मिटून बघितली. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

तपासणी करणाऱ्या बाई तरुण होत्या, आवाज मऊ होता. मी तिथे भांडायच्या तयारीने गेले होते, पण भांडायला काही कारणच मिळालं नाही. त्यांनी मुलीला बसवलं, तिचं नाव विचारलं, चित्रं दाखवली, ठोकळे दिले. ठोकळे तिला जमले नाहीत. चित्रांतलं अर्धं सांगितलं, अर्धं नाही. मग त्यांनी आकड्यांची कार्डं काढली आणि सातचं कार्ड तिच्यासमोर धरलं.

तिने सातकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

मी काही केलं नाही. मान हलवली नाही, डोळे मोठे केले नाहीत. फक्त दुसरीकडे बघितलं नाही. बाईंनी दुसरं कार्ड धरलं, तिसरं धरलं. ती हात मांडीवर घट्ट धरून गप्प बसून राहिली. बाईंनी मला विचारलं, ‘आकडे ओळखते का घरी?’

‘कधी कधी,’ मी म्हणाले. ‘मूड असला तर.’

त्यांनी लिहून घेतलं. शेवटी सगळे कागद सरळ करत त्यांनी विचारलं, ‘मागच्या तपासणीपासून काही प्रगती वाटते?’

चार वर्षं लागली होती. रोज संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत बसायचं, पाटीवर एक काढायचा, पुसायचा, पुन्हा काढायचा. ‘पाच’ पहिल्यांदा बरोबर आला तेव्हा मी कंपनीत पेढे वाटले होते, आणि डिस्पॅचच्या बाईने विचारलं होतं, कसले गं?

‘विशेष नाही,’ मी म्हणाले.

पंधरा दिवसांनी दाखला आला. पंच्याहत्तर टक्के, कायम. नमुन्याशी तंतोतंत जुळला. तो बघून माझा जीव भांड्यात पडला, हे मी नाकारत नाही. नंतर मला जे वाटलं त्याला लाज म्हणतात. आकडे वाचले असते तर किती आले असते? कदाचित हेच आले असते. कदाचित सत्तर, कदाचित पन्नास. तो दाखला आता कायमचा आहे, त्यामुळे मला कधीच कळणार नाही.

कंपनीत तोपर्यंत सगळं शांत झालं होतं. तेवीस घरांतली माणसं टॅक्स भरून खडखडीत बरी झाली होती, मुलं, बायका, म्हाताऱ्या आया, सगळी. त्यांना विषय मिटल्याचे मेसेज आले. स्टोअरकीपरने समोसे आणले. डिस्पॅचची बाई पुन्हा माझ्याशी बोलायला लागली, रिक्षात जागा धरायला लागली. ‘तुझं झालं का गं?’ तिने विचारलं. मी म्हणाले, अजून प्रक्रियेत आहे. ती म्हणाली, ‘उगाच हट्ट केलास बघ.’ मला तिला पुन्हा काहीतरी सुनवायचं होतं. पण शीळफाटा आठवला आणि तोंड उघडलं नाही.

रविवारी मी उत्तर भरायला बसले. नवा दाखला स्कॅन करून जोडला. खाली चौकट होती, वर दिलेली माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आणि पूर्ण आहे. मी त्यात टिक केली. फोन टेबलावर ठेवला होता, मुलीच्या बाजूला, तिला पहिल्यांदा दिसेल असा. ठाण्याहून आल्यापासून तिने दारांवरचे नंबर वाचणं सोडलं होतं. मी म्हटलं, येईल मूड.

ओटीपी आला. स्क्रीन उजळली. तिने फोन दोन्ही हातांनी उचलला आणि आकडे बघितले. ओठ मिटलेलेच होते. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

‘आई,’ तिने हळूच विचारलं, ‘वाचू?’